उचलण्याआधी एकदा पाहा



या महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बहिणीचे पत्र समोर आहे. तिच्या सासूबाई अर्धांगामुळे दोन वर्षे बिछान्याला खिळल्या आहेत. वजन ७८ किलो. आधी चौघे जण चादरीची टोके धरून त्यांना खुर्चीत बसवायचे. त्यात शेजारची मुलेही असायची आणि दर वेळी सासूबाई डोळे मिटून घ्यायच्या. वर्षभरापूर्वी कुवेतला असलेल्या दिरांनी खोलीच्या छताला रुग्ण उचलण्याची लिफ्ट बसवून दिली. आता सून आणि नणंद दोघीच अम्मींना खुर्चीत बसवतात, न्हाणीपर्यंत नेतात. बहिणीचा प्रश्न एका ओळीचा आहे: "झोळीच्या पायाकडच्या पट्टीची शिवण दोन बोटे उसवली आहे, घरच्या मशीनवर टीप मारून घेतली तर चालेल ना?"

चालणार नाही. ती झोळी आजच बाजूला काढा. नुसती कपाटात ठेवू नका, तिच्या पट्ट्या कात्रीने कापून टाका. नाहीतर घाईच्या वेळी कोणीतरी तीच पुन्हा काढेल.

कारण समजून घ्या. झोळीच्या पट्ट्या जाड पॉलिस्टरच्या किंवा नायलॉनच्या असतात. कोणता धागा, किती टाके, शिवण कुठे आणि किती वेळा फिरवायची हे ठरवून, वजन लावून तपासून ती बनवलेली असते. आपण घरी मारलेली टीप दिसायला तशीच दिसते, पण ती किती किलो पेलेल हे कोणालाच सांगता येत नाही. शिवाय सुईने पडलेली नवी भोके पट्टी आणखी कमजोर करतात. परकराची नाडी तुटली तर परकर सुटतो. इथे पट्टी तुटली तर माणूस पडतो.

नवी झोळी येईपर्यंत अम्मींना बिछान्यातच ठेवा. कूस बदलून अंग पुसणे, कपडे आणि चादर बदलणे हे सगळे झोपलेल्या जागी करता येते. साडी, चादर, ओढणी यांची झोळी करून ती लिफ्टला अडकवू नका. आणि पुढे नेहमीच दोन झोळ्या घरात ठेवा. एक धुण्यात असली तर दुसरी हाताशी राहते. आपल्या पावसाळ्यात तर याला पर्यायच नाही.

ही लिफ्ट टांगली कशाला आहे?

ज्यांच्या घरी अजून बसवायची आहे त्यांनी हा भाग नीट वाचावा. या यंत्राचे पाच भाग. छताला लावलेला धातूचा रूळ, रुळावरून सरकणारी मोटर, मोटरमधून खाली येणारा पट्टा, पट्ट्याच्या टोकाची आडवी दांडी आणि दांडीच्या हुकांत अडकणारी कापडी झोळी. शिवाय हातात धरायचा रिमोट. मोटर कितीही चांगली असली तरी सगळा भार शेवटी छतावर जातो.

म्हणून पहिला प्रश्न छताचा. काँक्रीटचा स्लॅब चांगला असेल तर रूळ त्यात पक्का बसवता येतो. पण जिथे स्लॅब गळतो, खालून पोपडे पडलेत, गंजलेली सळई दिसते, तिथे आधी इंजिनिअरला दाखवा. पीओपीचे खोटे छत भार घेत नाही. रुळाचा आधार त्याच्या वरच्या खऱ्या छतात जायला हवा. कोकणातल्या कौलारू घरात वासे आणि रिपा यांच्या भरवशावर रूळ टांगू नये. तिथे जमिनीवर उभ्या राहणाऱ्या दोन खांबांच्या चौकटीवर रूळ बसवण्याची सोय मिळते, किंवा चाकांवर फिरणारी जमिनीवरची लिफ्ट घेता येते.

पंख्याच्या हुकाला किंवा ओसरीतल्या झोपाळ्याच्या कड्यांना साखळी-कप्पी लावून माणूस उचलण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. खर्च वाचतो असे वाटते. हे करू नका. झोपाळ्याच्या कड्या जुन्या असतात, त्या किती झिजल्या हे खालून दिसत नाही. आणि मालाची कप्पी मालासाठी असते, माणसासाठी नाही.

बसवून झाल्यावर बसवणाऱ्याकडून दोन गोष्टी मागून घ्या. एक, माणसाच्या आधी वजन टांगून रूळ तपासल्याची लेखी नोंद. दुसरी, यंत्राची वजनाची मर्यादा. घरगुती छताच्या लिफ्टची मर्यादा बहुधा २०० किलो किंवा त्याहून जास्त असते. पण मोटर, दांडी आणि झोळी या तिघांवर वेगवेगळे आकडे लिहिलेले असू शकतात. त्यांतला सर्वांत लहान आकडा हीच तुमची मर्यादा समजा.

दर वेळी, बिस्मिल्लाह म्हणण्याआधी

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) रुग्ण उचलण्याच्या यंत्रांबद्दल घरच्यांसाठी सूचना काढल्या आहेत. या यंत्रांतून पडून डोक्याला मार लागला, हाडे मोडली, जीवही गेले, अशा नोंदी त्यांच्याकडे आल्या होत्या. त्या सूचनांत अवघड असे काहीच नाही. सगळे पाहण्याचे काम आहे आणि त्याला दोन मिनिटेही लागत नाहीत.

झोळी उजेडात धरा. चारही पट्ट्यांची टोके, शिवण आणि कापडाच्या कडा बोटांनी चाचपा. उसवलेली शिवण, निघालेले धागे, फाटलेली जागा, रंग उडून कडक झालेली पट्टी, यांतले काहीही दिसले तर झोळी बाद. झोळीवरचे लेबल वाचता येते का ते पाहा. माप, वजनाची मर्यादा, धुण्याची पद्धत त्यावर असते. लेबल पुसले गेले असेल तर ती झोळी वापरू नये.

मग मान वर करा. मोटरमधून आलेला पट्टा सरळ आहे की पिळला आहे? कडेला धागे निघालेत का? दांडीच्या हुकांवरच्या क्लिपा नीट बंद होतात का? रिमोटची दोन्ही बटणे रिकामी दांडी वर-खाली करून पाहा. मोटरने नेहमीपेक्षा वेगळा आवाज केला किंवा ती धक्के देत सरकली, तर त्या दिवशी उचलायचे नाही.

शेवटी पलंगाकडे पाहा. पलंगाला चाके असतील तर ब्रेक लावा. ज्या खुर्चीत बसवायचे तिचेही ब्रेक लावा. लघवीची पिशवी असेल तर आधी रिकामी करा आणि उचलताना ती कमरेच्या खालीच राहील अशी सोबत न्या. नाकातली किंवा हातातली नळी झोळीच्या पट्टीत अडकणार नाही हे बघा.

झोळी घालणे आणि उचलणे

अंगाखाली झोळी ओढून घालू नका. म्हाताऱ्या माणसाची कातडी कागदासारखी नाजूक असते, ओढताना सोलवटते. अम्मींना एका कुशीवर वळवा, अर्धी झोळी गुंडाळून पाठीशी ठेवा, दुसऱ्या कुशीवर वळवून उरलेली अर्धी उलगडा. झोळीची मधली रेघ पाठीच्या कण्याच्या ओळीत यायला हवी. खालची कड माकडहाडापर्यंत यावी.

पायाच्या पट्ट्या मांड्यांखालून घेऊन नेहमीच्या पद्धतीत एकमेकींतून ओवून अडकवतात. त्याने माणूस पुढे घसरत नाही. तुमच्या झोळीच्या पुस्तिकेत जे चित्र असेल तेच पाळा. मांडीखाली कपड्याची घडी राहू देऊ नका, ती काचते.

पट्ट्यांच्या टोकांना वेगवेगळ्या रंगांची लूप असतात. उजव्या खांद्याला जो रंग, तोच डाव्या खांद्याला. पायांचेही तसेच. एका बाजूला हिरवा आणि दुसऱ्या बाजूला पिवळा लागला तर माणूस कलतो. खांद्याची लूप जवळची आणि पायांची लांबची घेतली तर रुग्ण बसता होतो, उलटे केले तर रेलून राहतो. ज्याला कुठला रंग सोसतो तो एकदा ठरला की कागदावर लिहून पलंगाशेजारी चिकटवा.

रुग्णाचे हात छातीवर, पट्ट्यांच्या आत. अर्धांगात लुळा पडलेला हात स्वतःहून आत येत नाही. तो तुम्ही उचलून ठेवायचा. दांडी खाली आणताना एक हात तिच्यावर ठेवा, नाहीतर ती झुलून चेहऱ्याला लागते.

आता उचला, पण थोडेसेच. पट्ट्या ताणल्या गेल्या, अंग बिछान्यावरून जेमतेम सुटले की थांबा. चारही लूप हुकांत पूर्ण बसलेत का ते पुन्हा एकदा पाहा. चूक दिसली तर या उंचीवरून खाली ठेवणे सोपे असते. सगळे ठीक असेल तर गरजेपुतेच वर घ्या आणि सावकाश सरकवा. झोळीतल्या माणसाला तसेच ठेवून फोन घ्यायला किंवा दार उघडायला जाऊ नका.

नवीन असताना नेहमी दोघे असावेत. एक रिमोटवर, दुसरे रुग्णाच्या तोंडासमोर. अम्मी घाबरल्या असतील, हातपाय झाडत असतील, श्वास लागत असेल, तर तेव्हा उचलू नका. पाठीवर जखम असेल, नुकतेच हाड मोडले असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि खुर्चीत बसवल्यावर झोळी अंगाखाली तशीच ठेवायची की काढायची, हेही डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना विचारून ठरवा. घडीवर बराच वेळ बसून राहिले तर तिथेच जखम होते.

सतर, ओढणी आणि भीती

लिफ्टचा मोठा फायदा पाठ वाचण्याचा आहेच, पण आपल्या घरांसाठी त्याहून मोठा फायदा सतराचा आहे. ज्या बाईला उचलायला शेजारची मुले बोलवावी लागत होती, तिची सगळी कामे आता मुलगी आणि सून करू शकतात. अब्बांना न्हाऊ घालायला मुलगा पुरेसा होतो. आजाऱ्याची लाज राखणे हाही खिदमतीचाच भाग आहे.

त्यासाठी पांघरूण लूप अडकवून झाल्यावर वरून घाला. आधी घातले तर हुक झाकले जातात आणि तपासता येत नाहीत. रुग्णाच्या गळ्याभोवती ओढणी ठेवू नका. पट्टा वर जाताना ती ओढली जाऊ शकते. डोके झाकायचे असेल तर अंगाबरोबर बसणारा छोटा स्कार्फ चांगला. उचलणाऱ्या बाईनेही आपली ओढणी खोचून घ्यावी. संडासासाठी मिळणाऱ्या झोळीला खाली मोठी मोकळी जागा असते. ज्यांना कंबर आणि मान स्वतः सावरता येते त्यांनाच ती चालते, बाकीचे तिच्यातून निसटू शकतात. न्हाणीसाठी जाळीची झोळी घ्या, पाणी लगेच निथळते.

अधांतरी लटकताना कोणालाही भीती वाटते. आपण रोज करतो म्हणून आपल्याला ती जाणवत नाही. "आता वर घेते हं अम्मी", "आता खुर्चीवर उतरवते" असे दर टप्प्यावर सांगा. माता-पित्यांच्या म्हातारपणी त्यांच्यासमोर उफ् सुद्धा काढू नये ही शिकवण आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. "एवढे काय घाबरायचे?" हे वाक्यही त्या उफ्च्या जवळचेच आहे.

नमाजबद्दलही एक शब्द. वेळ निघून चालली म्हणून घाईघाईने उचलू नका. ज्याला उभे राहता येत नाही त्याची नमाज बसून होते, बसता येत नसेल तर पडून इशाऱ्याने होते. वुजू आणि तयम्मुमबद्दल शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारा. रमजानात सेहरीच्या वेळी घरात धावपळ असते, ईदला पाहुणे असतात. त्या दिवसांत उचलण्याच्या वेळा आधीच ठरवून ठेवा.

वीज, पाऊस आणि मुले

या लिफ्ट बहुधा बॅटरीवर चालतात. म्हणून वीज गेली तरी अम्मी वर अडकून राहत नाहीत, पण बॅटरी भरलेली असेल तरच. वापर झाला की मोटर चार्जिंगच्या जागी नेऊन ठेवा आणि दिवा लागला की नाही ते पाहा. आपल्या घरांत नेमके काय होते? मोबाइल चार्जिंगला लावायला कोणीतरी लिफ्टच्या चार्जरची पिन काढतो आणि परत लावायला विसरतो. त्या सॉकेटवर "काढू नये" अशी चिठ्ठी लावा. बॅटरी पूर्ण उतरू देणे तिच्या आयुष्याला वाईट असते.

बहुतेक यंत्रांना लाल दोरी किंवा लाल बटण असते. ते ओढले की मोटर थांबते. मोटर बंद पडली तर रुग्णाला हळूहळू खाली आणण्याचीही सोय असते, पण ती प्रत्येक कंपनीची वेगळी. बसवणाऱ्याकडून ती शिकून घ्या आणि रिकाम्या झोळीवर घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने एकदा तरी करून पाहा. माणूस वर असताना पुस्तिका शोधण्याची वेळ येऊ नये.

झोळी लेबलवर लिहिल्याप्रमाणे धुवा. ब्लीच वापरू नका, इस्त्री करू नका. कडक उन्हात दिवसभर वाळत टाकू नका, उन्हाने हे धागे कमजोर होतात. पावसाळ्यात पंख्याखाली पूर्ण वाळवूनच घडी घाला. ओलसर झोळीला बुरशी धरते आणि ती नाजूक कातडीला बाधते. छत गळत असेल तर मोटर आणि चार्जरवर पाणी येत नाही ना, याची खात्री करा.

लहान मुलांना ही झोळी म्हणजे झोपाळाच वाटतो. काम झाले की झोळी काढून कपाटात, दांडी डोक्याच्या वर आणि रिमोट मुलांच्या हाताला न लागेल असा टांगा.

तपासणीची वही

ब्रिटनमध्ये १९९८ च्या नियमांप्रमाणे कामाच्या ठिकाणी माणसे उचलणारी यंत्रे आणि त्यांच्या झोळ्या दर ६ महिन्यांनी जाणकाराकडून तपासून घ्याव्या लागतात. अशा यंत्रांसाठीचे आयएसओ १०५३५ हे आंतरराष्ट्रीय मानकही वर्षातून किमान एकदा तपासणी सांगते. आपल्याकडे घरात बसवलेल्या लिफ्टसाठी बोलावल्याशिवाय कोणी येत नाही. म्हणून बोलावण्याची जबाबदारी घरातल्या एकाने घ्यायला हवी. परदेशातला भाऊ पैसे देतो तेव्हा यंत्राच्या किमतीबरोबर दरवर्षीच्या देखभालीचे पैसेही धरावेत आणि बसवणाऱ्याशी तसा करार करावा.

एक साधी वही करा. झोळी कधी घेतली, शेवटची तपासणी कधी झाली, पुढची कधी, आणि दर शुक्रवारी कोणी पाहिले त्याची सही. जुम्याची तयारी करतानाच हे काम उरकले की विसरत नाही. रुळाच्या टोकाचे अडथळे जागेवर आहेत का, छतातले स्क्रू ढिले वाटतात का, रुळाजवळ नवी भेग पडली का, एवढे आठवड्याला पाहिले तरी पुष्कळ. दुरुस्ती मात्र स्वतः करू नका. मोटर उघडणे हे गल्लीतल्या पंखेवाल्याचे काम नाही.

काही घरांत असेही म्हणतात की यंत्र कशाला, आम्ही हातांनी उचलू, त्यात सवाब जास्त. सवाब अल्लाहच्या हाती आहे, पाठीचे मात्र आपल्याला माहीत आहे. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या (नायोश) वजन उचलण्याच्या सूत्रावरून, चांगल्या परिस्थितीतही रुग्णाला हातांनी उचलताना एका माणसावर ३५ पाउंडांपेक्षा, म्हणजे सुमारे १६ किलोंपेक्षा जास्त भार येऊ नये असे ठरवले गेले आहे. ७८ किलोच्या माणसाचा एक पायच बारा-तेरा किलोंचा भरतो. सतत रोजे आणि रात्रभर इबादत करणाऱ्या अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शरीराचाही हक्क असतो याची आठवण दिली होती. सुनेच्या आणि मुलीच्या शरीराचाही तो हक्क आहे. त्यांची पाठ गेली तर खिदमत करणार कोण?

यंत्राने वजन घेतले म्हणून आपले काम संपत नाही, ते हातांकडून डोळ्यांकडे येते. शिवण पाहणे, लूप पाहणे, दिवा पाहणे. ज्या घरी ही लिफ्ट आहे त्यांनी आज उचलण्याआधी झोळी उजेडात धरून पाहावी, आणि ज्यांच्याकडे एकच झोळी आहे त्यांनी दुसरी आजच मागवावी. अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो आणि त्यांची सेवा करणाऱ्या हातांत बळ देवो. आमीन.